सक्त, सक्ती, सकत्

बंगळुरात एखादी गोष्ट मनापासून आवडली की ‘सकत्’ म्हणतात. जेवण चांगलं झालं तर ‘ऊटा सकत्तागित्तु’, पाऊस जोराचा आला तर ‘सकत् मळे’, आणि मित्राची नवी गाडी बघितली तर नुसतंच ‘सकत्!’ लिहिताना कुणी सकत् लिहितं, कुणी सखत्, कुणी दोन ‘क’ जोडून सक्कत्. रेडिओ मिर्चीच्या बंगळूर केंद्राचं ‘सकत् हॉट मगा’ हे घोषवाक्य शहरभर तोंडी झालं. ‘मगा’ म्हणजे मुलगा, पण मित्रामित्रांत तो आपल्या ‘भावा’सारखा चालतो. २०२१ साली गणेश या लोकप्रिय नटाचा ‘सखत्’ याच नावाचा चित्रपट आला. बोलण्यातला शब्द असा पाटीवर आणि पडद्यावर येऊन बसला.

मराठी माणूस हा शब्द पहिल्यांदा ऐकतो तेव्हा जरा दचकतो, कारण त्याच्या कानात आधीपासून ‘सक्त’ बसलेला असतो. सक्त ताकीद, सक्त मनाई, सक्तमजुरी. मराठी वर्तमानपत्रं ईडीला ‘सक्तवसुली संचालनालय’ म्हणतात. राजाजीनगरातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला हे नाव वाचून दाखवलं तर ती कुठलीशी झकास वसुली असावी असं त्याला वाटेल.

मी राजाजीनगरात राहते आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. कथेतली तरुण पात्रं बोलायला लागली की पानापानावर हा शब्द येतो आणि दर वेळी त्याला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न पडतो. प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. ज्या शब्दानं कन्नड तरुण आनंद व्यक्त करतो, त्याच शब्दाच्या मराठी रूपानं बेळगावचा मराठी माणूस आपलं दुःख सांगत आला आहे. ते कसं झालं ते नीट समजून घ्यायचं तर शब्दाच्या मुळापासून सुरुवात करावी लागते, आणि मुळाबद्दलच एकमत नाही.

एक ओढ शुद्ध कन्नड मुळाकडे नेते. जुन्या कन्नडमध्ये ‘सक्कद’ हा शब्द आहे. तो ‘संस्कृत’ या शब्दाचा तद्भव. बाराव्या शतकाच्या आरंभी, १११२ मध्ये, नयसेनानं आपल्या ‘धर्मामृत’ काव्यात शुद्ध कन्नडात सक्कद शब्द घुसडणाऱ्या कवींची थट्टा केली आहे. हे तूप आणि तेल एकत्र करण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं. आता ‘सक्कद’ म्हणजे संस्कारित, घडवलेलं, म्हणून उत्तम, आणि त्यावरून ‘सक्कत्’, अशी साखळी कुणी जुळवली तर कानाला ती पटते. शिवाय बाहेरून काही घेतलं नाही याचं समाधान मिळतं. पण अर्थाच्या बाजूनं ही साखळी तुटते. ‘सक्कद’ हे एका भाषेचं नाव आहे. त्या नावानं पावसाचा जोर सांगण्यापर्यंतचा प्रवास कसा केला याची मधली एकही पायरी दिसत नाही. ‘सखत्’ या लेखनातला ‘ख’ही तिथून येऊ शकत नाही.

दुसरी ओढ ‘शक्ती’कडे नेते. ती मराठीतही आहे. खेड्यापाड्यात ‘शक्ती’चा उच्चार ‘सक्ती’ असा सर्रास होतो, आणि ज्याच्या अंगात बळ तोच सक्ती करणार, हा तर्क कुणालाही सुचेल. तिसरं एक संस्कृत मूळही दारात उभं असतं. संस्कृतात ‘सक्त’ हा शब्द आहेच, पण त्याचा अर्थ चिकटलेला, गुंतलेला. आसक्त, अनासक्त हे त्याचेच नातलग. मराठीत दोन्ही ‘सक्त’ एकाच अक्षरांत लिहिले जातात, म्हणून ‘आसक्ती’ आणि ‘सक्ती’ ही सख्खी भावंडं वाटतात. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सरळ उत्तर फारसीत आहे. ‘सख्त’ म्हणजे कठीण, टणक, कठोर. मोल्सवर्थनं आपल्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द फारसी म्हणूनच नोंदवला. इथं एक गंमत मात्र सांगायला हवी. इराणी भाषांचे अभ्यासक या ‘सख्त’चं नातं संस्कृत ‘शक्’ धातूशी, म्हणजे ‘शक्त’ आणि ‘शक्ती’शी जोडतात. संस्कृतातल्या ‘श’च्या जागी फारसीत ‘स’ येणं हे नेहमीचंच आहे. आपलं ‘शत’ तिकडे ‘सद’ होतं, ‘शिर’ तिकडे ‘सर’ होतं. तेव्हा ‘सक्ती’ म्हणजे ‘शक्ती’ असं म्हणणारा शेतकरी अगदीच बाहेरचं बोलत नाही. नातं आहे, पण ते आई-मुलीचं नसून लांबच्या चुलत घराण्याचं आहे, आणि मधे इराणचा मोठा वळसा आहे.

मग फारसी शब्द कन्नड तोंडात कुणी घातला? इथं खरा वाद आहे. एक दार मराठीचं. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेनं केंपेगौडांचं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यानंतर १६८७ पर्यंत, म्हणजे मोगल सेनापती कासिमखानानं ते घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे जाईपर्यंत, या पेठेवर भोसल्यांचा अंमल होता. पुढे हैदर आणि टिपूच्या राज्यात हिशेबाच्या दफ्तरांत कन्नडबरोबर मराठीही होती आणि फारसीही. कन्नडातले सरकार, अर्जी, जमीनु, जिल्ले, ताकीतु असे शब्द याच दफ्तरी वाटांनी आले. ‘ताकीतु’ म्हणजे आपली ताकीद. सक्त ताकीद द्यायची तर ‘ताकीद’ आली आणि ‘सक्त’ मागे राहिला असं कसं होईल, असा मराठीच्या बाजूचा युक्तिवाद करता येतो.

दुसरं दार दखनीचं. विजापूर-गोवळकोंड्याच्या काळापासून दक्षिणेत बोलली जाणारी ही उर्दूची बहीण बंगळूरच्या पेठेत आणि १८०९ नंतर वसलेल्या लष्करी छावणीत रोजच्या व्यवहाराची भाषा होती. आजही आहे. कन्नड, तमिळ, तेलुगू बोलणारे लोक बाजारात, गॅरेजमध्ये, शिंप्याच्या दुकानात ती ऐकतात आणि थोडीफार बोलतातही.

शब्दाच्या रूपावरून निकाल लागत नाही. ‘ख्त’ हे जोडाक्षर दोन्हीकडच्या जिभांना जड जातं, म्हणून मधे स्वर येतो. मराठी बोलीत वक्तचं वखत झालं, तख्तचं तखत झालं, संस्कृत रक्ताचंसुद्धा रगत झालं. तेव्हा ‘सख्त’चं ‘सकत्’ मराठी तोंडात होऊ शकतं, दखनीत होऊ शकतं, आणि कन्नडातही आपोआप होऊ शकतं.

अर्थ मात्र काही सांगतो. उर्दूत ‘सख्त’ हा शब्द ‘फार’ किंवा ‘अतिशय’ या अर्थी सहज येतो. सख्त गर्मी, सख्त जरूरत, सख्त बीमार. मराठीत आपण ‘सक्त ऊन पडलंय’ किंवा ‘तो सक्त आजारी आहे’ असं म्हणत नाही. आपला ‘सक्त’ आदेश आणि मनाई यांच्या आसपासच फिरतो. कन्नड ‘सकत् बिसिलु’ म्हणजे कडाक्याचं ऊन, आणि ते ‘सख्त धूप’च्या अगदी शेजारी उभं आहे. म्हणून माझा कौल असा: शब्द एकाहून जास्त दारांनी आला असेल, पण त्याचा आजचा मोकळा अर्थ दखनीच्या दारानं आला. मराठी दफ्तरातून आला असता तर तो ताकीद देत आला असता.

‘कठीण’पासून ‘झकास’पर्यंतचा प्रवास वाटतो तेवढा विचित्र नाही. कठीण, मग तीव्र, मग अतिशय, मग अतिशय चांगलं, अशा त्याच्या चार पायऱ्या आहेत. तिसरी पायरी तर फारसीनं स्वतःच फार पूर्वी चढलेली होती. अकराव्या शतकातला गझनीच्या दरबाराचा इतिहासकार अबुल फझल बैहकी ‘सख्त’ हा शब्द ‘फार’ या अर्थी वारंवार वापरतो, चांगल्या गोष्टीच्या आधीसुद्धा. मल्लेश्वरमच्या कट्ट्यावर ‘सकत्तागिदे’ म्हणणाऱ्या पोरांना भाषा बिघडवल्याबद्दल बोलणी खावी लागतात. तीच वाट हजार वर्षांपूर्वी दरबारी गद्यानं धरली होती.

मराठीनंही हेच केलं आहे, फक्त दुसऱ्या शब्दांवर. चहा कडक असतो, इस्त्री कडक असते आणि मग एखादं भाषणही ‘एकदम कडक’ होतं. कोल्हापूरकडे वजनदार वस्तूचा ‘भारी’ हा ‘लय भारी’ झाला. पुण्या-मुंबईत इंग्रजी ‘सॉलिड’ घनपदार्थाचा राहिला नाही, सिनेमा सॉलिड झाला, मार सॉलिड पडला. अरबीतून फारसीवाटे आलेला ‘जालीम’ म्हणजे जुलूम करणारा, पण मराठीत औषध जालीम असतं तेव्हा रोगी खूश होतो. सगळ्यांत बोलकं उदाहरण ‘जबरदस्त’चं. फारसीत ‘जबर’ म्हणजे वर आणि ‘दस्त’ म्हणजे हात, ज्याचा हात वर तो जबरदस्त. मराठीनं या एकाच शब्दाचे दोन वाटे केले. ‘जबरदस्ती’ बळजोरीकडे गेली आणि ‘जबरदस्त’ कौतुकाकडे. नाटक जबरदस्त झालं असं म्हणताना कुणाच्या मनात बळजोरी येत नाही. ‘सक्ती’ आणि ‘सकत्’ यांचं नातं नेमकं असंच आहे, फक्त त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली.

मग ‘सक्त’ मराठीत का सुटला नाही? मला वाटतं, मराठीनं त्याला सरकारी नोकरी दिली. फारसीत ‘सख्ती’ म्हणजे कठीणपणा, हालअपेष्टा, कडकपणा. मराठीत तिचा अर्थ आवळत आवळत एकच उरला, करावंच लागेल असं बंधन. कन्नडनं या कामासाठी वेगळी माणसं नेमलेली होती. बंधनकारक या अर्थी तिकडे ‘कड्डाय’ आहे, तमिळच्या ‘कट्टायम्’चा नातलग. लादणं या अर्थी ‘हेरिके’ आहे, पाठीवर ओझं चढवणं या मूळ अर्थाचा. ‘सकत्’ला कचेरीत कामच नव्हतं, म्हणून तो रस्त्यावर रमला.

मराठी ‘सक्ती’ची नोकरी नेहमी वाईटच होती असं मात्र नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये तसं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं, ते मंजूर झालं नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. ‘सक्तीचं शिक्षण’ हा शब्दप्रयोग त्या काळात आशेचा होता. पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीत फारसी शब्दांची झाडाझडती झाली. १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव ज्यूलियन स्वतः पुढे त्या चळवळीत उतरले. तरी ‘सक्ती’ला कुणी हलवू शकलं नाही. ती कायद्याच्या भाषेत पक्की रुतली होती.

शिक्षणाची सक्ती भाषेच्या सक्तीकडे वळली तेव्हा शब्दाचा चेहरा बदलला. आणि इथं मी राहते त्या वस्तीचं नाव मधे येतं. राजाजीनगर हे स्वातंत्र्यानंतर लगेच आखलेलं औद्योगिक उपनगर. चक्रवर्ती राजगोपालाचारी तेव्हा भारताचे गव्हर्नर जनरल होते, त्यांच्या नावानं ते वसलं. होसूरजवळच्या थोरपळ्ळीत जन्मलेले राजाजी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकलेले, तेव्हा नाव परकं नव्हतं. याच औद्योगिक पट्ट्यात किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता, आणि मराठी कुटुंबं इकडे येण्याचं ते एक कारण.

पण देशातल्या हिंदीसक्तीचा पहिला मोठा प्रयोग याच राजाजींच्या नावावर आहे. मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना त्यांनी एप्रिल १९३८ मध्ये १२५ माध्यमिक शाळांत हिंदुस्थानी हा विषय सक्तीचा केला. तमिळ भागात मोठं आंदोलन उभं राहिलं. नटराजन आणि तालमुत्तू हे दोन आंदोलक १९३९ मध्ये कैदेत असताना दगावले. राजाजींचं मंत्रिमंडळ गेल्यावर फेब्रुवारी १९४० मध्ये गव्हर्नरनं तो हुकूम मागे घेतला. पुढे वय वाढलं तसं राजाजींचं मतही बदललं आणि अखेरच्या काळात ते हिंदी लादण्याच्या विरोधात ठामपणे उभे राहिले. त्यांच्या नावाच्या वस्तीतून २०१४ मध्ये मेट्रो धावू लागली, २०१७ मध्ये मेट्रोच्या पाट्यांवरच्या हिंदीविरुद्ध शहरात मोहीम झाली आणि त्या हिंदी ओळी गेल्या.

राजाजीनगरातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला नाव आहे डॉ. राजकुमार यांचं. आंदोलनात उतरलेले राजकुमार आठवल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९८१ मध्ये वि. कृ. गोकाक समितीनं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड ही प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली. गोकाक हे कन्नडचे मोठे कवी, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवलेले. सरकार चालढकल करतंय असं दिसल्यावर १९८२ मध्ये राजकुमार रस्त्यावर उतरले आणि गावोगावी लाखो माणसं त्यांच्यामागे गेली. आपल्याच राज्यात आपली भाषा दुय्यम का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खरा होता. आमच्या भागातली वयस्कर कन्नड माणसं त्या दिवसांबद्दल आजही अभिमानानं बोलतात.

तीच गोष्ट बेळगावात पोचली तेव्हा तिचं नाव ‘कन्नडसक्ती’ झालं. ज्यांच्या घरात, शाळेत, दुकानात मराठी होती, त्यांना तो हक्क वाटला नाही, हुकूम वाटला. १ जून १९८६ रोजी सीमाभागात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी दर वर्षी त्या दिवशी लोक जमतात. तिथं उभ्या असलेल्या माणसासमोर ‘सकत् कन्नड’ असे शब्द उच्चारले तर त्याला काय ऐकू येईल? बंगळुरात त्याचा अर्थ ‘झकास कन्नड’. त्याच्या कानात मात्र कन्नड आणि सक्ती हे दोन शब्द पुन्हा शेजारी येऊन बसतील.

महाराष्ट्रालाही हा शब्द पुन्हा एकदा जवळून भेटला. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयानं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. मधल्या आठवड्यांत मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ‘हिंदीसक्ती’ हा शब्द रोज होता. ‘आमच्यावर सक्ती नको’ हे वाक्य मुंबईत बोलणारा, बेळगावात बोलणारा आणि ‘हिंदी हेरिके’ म्हणत बंगळुरात बोलणारा, हे तिघं एकच गोष्ट सांगत होते. फक्त एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या घरी आपली सक्ती हा हक्क असतो.

एका भाषेत जन्मून दुसरीत मोठं होण्याची वाट सक्तीशिवायही आहे, आणि तिची साक्ष याच दोन भाषांत आहे. द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. ते धारवाडचे कन्नड कवी झाले, ‘अंबिकातनयदत्त’ या नावानं आधुनिक कन्नड कवितेचा कळस मानले गेले आणि १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ मिळालं. त्यांनी मराठीतही लिहिलं. कन्नड त्यांच्याकडून कुणी दंड लावून करून घेतलं नव्हतं.

आता अनुवादाचं. ‘सकत्’ला मराठीत मी बहुतेक ठिकाणी ‘सॉलिड’ म्हणते. दोन्ही शब्द परक्या भाषेतून आलेले, दोन्ही मुळात टणक, दोन्ही तरुणांच्या तोंडी मऊ झालेले. पावसासाठी ‘जाम’, जेवणासाठी ‘भारी’, पैलवानासाठी ‘कडक’ असं प्रसंग बघून बदलते. ‘झकास’ शक्यतो टाळते, कारण त्यात टणकपणाचा अंशही नाही.

सध्या हातात असलेल्या कथेत मात्र एक जागा अडली आहे. बेळगावहून बंगळुरात नोकरीला आलेली एक मराठी मुलगी आहे. ती ऑफिसात अडखळत कन्नड बोलते आणि शेजारचा मुलगा तिला सहज म्हणतो, तुझं कन्नड सकत् आहे. मूळ कथेत हे साधं कौतुक आहे, लेखकाच्या मनात दुसरं काही नाही. ‘तुझं कन्नड सॉलिड आहे’ असं मराठीत बिनचूक होतं आणि वाचक पुढे जातो. तरी तिथं मी ‘सकत्’ तसाच ठेवणार आहे, तळटीप न देता. मुलगा काय म्हणाला ते संदर्भावरून कुणालाही कळेल. आणि बेळगावात वाढलेल्या त्या मुलीला तो शब्द पहिल्या क्षणी कसा ऐकू आला असेल, ते मराठी वाचकाला कळेल. मूळ कन्नड वाक्यात ते ऐकू येत नाही. मराठीत ते आहे, तर ते मी पुसून टाकणार नाही.